घागरीतली हवा

आमच्या विहिरीवर अजून पिस्टनचा पंप आहे. अर्धापूरच्या आजूबाजूच्या केळीवाल्यांनी कधीच पाण्यात बुडणाऱ्या मोटारी बसवल्या. बटण दाबलं की पाणी. माझा पंप जुना, ओतीव लोखंडाचा, मोटारीवरून पट्ट्यानं फिरणारा. येणारा-जाणारा विचारतो, हे भंगारात कधी देता? मी म्हणतो, मला देतील तेव्हा.

हा पंप पाणी दमादमानं ढकलतो. पिस्टन पुढं आला की पाणी जातं, मागं गेला की थांबतं. असं धक्क्यानं पाणी गेलं तर पाइप आदळून आदळून फुटेल. म्हणून पंपाच्या डोक्यावर एक पोकळ लोखंडी भांडं असतं, पालथ्या घागरीसारखं. त्यात हवा कोंडलेली असते. पंपानं पाणी ढकललं की ती हवा दबते, पंप मागं गेला की तीच हवा फुगून पाण्याला पुढं लोटते. मग पाणी एका धारेनं जातं. कारखानेवाले त्या भांड्याला काय म्हणतात मला माहीत नाही. माझी बायको घागर म्हणायची, म्हणून मीही घागरच म्हणतो.

त्या घागरीची एक खोड आहे. आतली हवा टिकत नाही. पाणी ती थोडीथोडी खातं आणि आपल्यासंगं घेऊन जातं. हळूहळू घागर पाण्यानं भरते. पाणी काही हवेसारखं दबत नाही, मग धक्का सोसायला आत कुणी राहत नाही आणि पंप ठोकायला लागतो. ती वेळ येऊच द्यायची नाही. त्याच्या आधी मोटार बंद करायची, वरच्या पाइपाची चावी फिरवून बंद करायची, घागरीच्या बुडाची तोटी सोडायची आणि डोक्यावरचं बूच खोलायचं. खालून पाणी जातं, वरून हवा येते. मग दोन्ही आवळायचं, चावी आठवणीनं उघडायची आणि मगच मोटार चालू करायची. चावी उघडायची विसरलात तर पंपाचं काही खरं नाही.

काम एवढंच, पण दोन माणसांचं. पंप विहिरीलगतच्या खड्ड्यात बसवलेला. तोटी खाली, बूच वर काठाशी. मी खाली उतरायचो, ती लांब पाना घेऊन वर उभी राहायची.

"सोडू का?" ती वरून ओरडायची.

"सोड."

"सोडलं. तोटी पुरी उघडा की, गाईची धार काढून राहिलाव व्हय?"

मग बुचातून हवा आत शिरल्याचा आवाज यायचा आणि खाली माझ्या पायावर पाणी. दरवेळी माझी चप्पल भिजायची, दरवेळी ती हसायची.

ती निलंग्याकडची. तिकडं अमावस्येला लई मान. लग्न होऊन आली तसं तिनं ठरवूनच टाकलं, अमावस्येला मोटार बंद. बैलाला सुट्टी तशी मोटारीला सुट्टी. पंपाला हळदकुंकू लावायची, नारळ फोडायची आणि त्याच दिवशी घागर रिकामी करायची. मी एकदा म्हणलं, घागरीचं आणि अमावस्येचं काय नातं? ती म्हणली, "तुमच्या डोस्क्यात तारीख राहत न्हाई. अमावस्या माझ्या ध्यानात राहती." नारळ आणि घागर असं जोडून गेलं ते गेलंच. पंपानं आम्हाला कधी त्रास दिला नाही.

पोळ्याच्या तोंडावर ती गेली. सकाळी भाकरी थापताना छातीत दुखतंय म्हणली. नांदेडला नेली. परत आणली ती झाकून. ह्याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

मुलगा लातूरला शाळेवर मास्तर आहे. तेराव्यानंतर तो म्हणाला, "आप्पा, आता चला माझ्याकडं."

"पंप कोण बघंल?"

"तुम्हाला पंपाचीच पडली का?"

तो आईवर गेलाय, लवकर चिडत नाही. म्हणाला, "बरं. पंप चालतोय तोवर राहा. ज्या दिवशी तो बंद पडेल, त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो. मग कारण सांगायचं नाही." मी हो म्हणलं.

लातूरचं मला वावडं नाही. सूनबाई चांगली आहे. पण तिथं वरच्या मजल्यावर घर, खाली उतरलं तर कुणी ओळखीचं नाही. इथं ती अजून आहे असं मी म्हणत नाही. मेलेलं माणूस मेलेलं असतं. पण इथल्या कढीपत्त्याला तिनं पाणी घातलंय, इथली चूल तिनं सारवलीय. लातूरला तिच्या हातचं काय आहे? तिनं कुटून पाठवलेलं तिखट, तेही संपलं असंल.

आमच्यात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पोळा आला, बैलांना नुसतं धुतलं. अमावस्या होती. नारळ फोडायचा नाही म्हणून मी पंपाकडं गेलोच नाही. घागरही सोडली नाही. पुढच्या अमावस्येला पितरं जेवायची असतात, तेव्हाही तेच. दिवाळीलाही तेच. घागर भरत चालली असणार हे मला कळत होतं. पण वर्ष झाल्याशिवाय त्या दिवसाला हात लावायचा नाही, असं मनानं धरलं होतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर पंप ठोकायला लागला. आधी हळू. ठक, ठक. घरात बसलं की वाटायचं, ती मागच्या अंगणात उखळात मिरच्या कुटून राहिली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरात कायतरी वाजतंय एवढं तरी झालं. पंप चालू असताना मी दारातच बसायचो, जेवणसुद्धा तिथंच.

मग ठोका वाढला. पाइप धरून ठेवणारे लोखंडी पट्टे सैल झाले, एका सांध्यातून पाणी गळायला लागलं. मी ट्यूबचे तुकडे कापून पाइपाखाली घातले. पट्टे आवळले. दोन दिवस जरा बरं, मग परत तेच. मुलाचा संध्याकाळी फोन येतो. एकदा त्यानं विचारलं, "आप्पा, हे काय वाजतंय?"

"शेजारी लाकडं फोडून राहिलेत."

"रोज?"

"लई लाकडं हायेत त्याच्याकडं."

तो हसला नाही. म्हणाला, "वेळ अमावस्येला सुट्टी आहे. येतो. मग बघू."

मला कळलं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला तो गाडी घेऊन येणार होता.

शेजारच्या केळीत एक बाई कामाला येते. बायकोची मैत्रीण, तिचा नवरा मागंच वारलेला. मला भावजी म्हणते. ती बांधावरून ओरडली, "भावजी, पंप हाय का गिरणी? माझं डोस्कं उठलं."

मी म्हणलं, घागर भरलीय.

"मग सोडा की."

"वर्ष व्हायचंय अजून. नारळ फोडता येत न्हाई."

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "नारळ फोडायचा न्हाई, तर नका फोडू. घागरीनं काय पाप केलं? रोज भाकरी खाऊन राहिलाव, आंघोळ करून राहिलाव, घागरीलाच तेवढं सुतक व्हय? माझी मैत्रीण असती तर पाना घातला असता तुमच्या टाळक्यात."

ती जाता जाता म्हणली, "मी येऊ का वर उभी राहायला?" मी नको म्हणलं. लोक बोलतील म्हणून नाही. त्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. तिलाही ते कळलं असावं. विळा घेऊन केळीत गेली.

त्या दिवशी कुठली तिथी होती मला माहीत नाही. अमावस्या नव्हती एवढं नक्की. मोटार बंद केली, चावी बंद केली, खड्ड्यात उतरलो. गुडघे आता ऐकत नाहीत, पायऱ्या बसून बसून उतरलो. तोटी सोडली. चार थेंब आले आणि थांबले. वरचं बूच बंद असलं की पाणी खाली उतरत नाही, आतल्या आत धरून राहतं. मी सवयीनं म्हणून गेलो, "सोड."

म्हणलं आणि तसाच उभा राहिलो. कुणी नव्हतं.

मग परत चढलो, पाना लावला, बूच खोललं. घागरीनं मोठा श्वास घेतला आणि खाली धो धो पाणी पडायला लागलं. मी वर होतो, माझी चप्पल कोरडी होती. ते मला आवडलं नाही.

सगळं आवळून, चावी उघडून मोटार चालू केली. पंप गुपचूप. मला वाटलं झालं, आता मुलगा आला तरी काय बोलणार?

चार-पाच दिवसांत ठोका परत आला. घागर एवढ्या लवकर भरत नाही. म्हणजे हवा कुठूनतरी पळत होती. मी अंगाच्या साबणाचा फेस करून बुचाभोवती लावला. पंप चालू असताना बुडबुडे वर आले, बारीक बारीक, एका बाजूनं. बूच गळत होतं. मी जुनं सूत काढलंच नव्हतं, तसंच बसवलं होतं. ते काम तिचं असायचं. बुचाच्या आट्यांवर सुताचा पेड गुंडाळायचा, वर सफेदा चोळायचा, नळवाले सांध्याला लावतात तो. बूच ज्या अंगानं आवळतं त्याच अंगानं सूत गुंडाळायचं, उलटं गुंडाळलं तर आवळताना सगळं बाहेर येतं. मी पोत्याचं सूत घेतलं, उलटं गुंडाळलं, सगळं बाहेर आलं. परत गुंडाळलं, जाड झालं, बूच बसेना. वेळ अमावस्या दोन दिवसांवर. घामानं पाना हातातून निसटून राहिला होता.

मग आठवलं, ती पोत्याचं सूत वापरत नव्हती. देवाच्या कोनाड्यात तिचा वातींचा डबा आहे. मांडीवर वळलेल्या लांब वाती, घट्ट आणि सारख्या. दुपारी पारावर बायकांसंगं बोलत बोलत वळायची. त्यातलीच एक घेऊन ती बुचाला लावायची. मी डबा उघडला. ती गेल्यापासून देवापुढं मी दिवा लावतो, पण विकतच्या वाती आणून. त्या डब्याला हात लावला नव्हता. का, ते विचारू नका.

एक वात काढली. सफेद्यात भिजवली. आवळायच्या अंगानं गुंडाळली. घागर परत रिकामी केली, उतरलो, चढलो, बूच बसवलं. एका दमात बसलं. साबण लावला, फेस हलला नाही.

वेळ अमावस्येला लातूर शहर ओस पडतं. सगळे आपापल्या रानात जाऊन कडब्याच्या खोपीत पूजा करतात, जेवतात. आमच्यात यंदा काही नव्हतं. मुलगा दुपारी आला, गाडीत मागं रिकामी बॅग होती, ती मी बघितली. शेजारच्या बाईनं डब्यात भज्जी, म्हणजे त्या दिवसाची मिसळीची भाजी, आणि आंबील आणून दिलं होतं. तो जेवला. आंबील पिताना म्हणाला, "आईच्या हातचं जरा आंबट असायचं." मी म्हणलं, हाव.

मग तो पंपाकडं गेला. अमावस्येला मोटार बंद असते, पण त्याला ऐकवायचं होतं म्हणून मी चालू केली. तो ऐकत उभा राहिला. ऐकण्यासारखं काही नव्हतं. मग त्यानं वाकून पाइपावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. त्याची आई असंच करायची. त्याला कुणी शिकवलं नाही. लहानपणी बघितलं असंल.

"धक्का न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

"लाकडं संपली वाटतं शेजाऱ्याची."

मी हसलो. तोही हसला, मग तोंड फिरवून विहिरीत बघत बसला. उन्हं उतरायच्या आत निघाला. बॅग तशीच रिकामी गेली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी बांधावर उभा होतो. मला राहायचं होतं, मी राहिलो. घरात आलो तर पंप चालू होता आणि काहीच वाजत नव्हतं. मी परत दारात बसलो. उखळाचा आवाज नाही, पाइपाचा नाही. मीच तो बंद केला होता.

आता दर अमावस्येला घागर सोडतो. नारळ वर्ष झाल्यावर. खाली उतरून तोटी सोडली की तोंडातून "सोड" निघतंच, मग मीच वर चढतो. बुचाला तिची वात. डब्यात अजून आहेत, मी मोजत नाही.

काल मुलाचा फोन आला. "आप्पा, पंप कसा चालतोय?"

मी फोन नेऊन घागरीला लावला. बऱ्याच वेळानं कानाला घेतला.

"काहीच ऐकू येत नाही, आप्पा."

"मग चांगला चालतोय."

"बरं," तो म्हणाला. पण त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पंप चालू होता.