राखून ठेवलेला एक शब्द

पिंपळगाव राजाहून खामगावच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला बद्रुद्दीनचं गॅरेज लागतं. गॅरेज म्हणजे काय, चार टिनं, एक कडुनिंब आणि त्याच्या फांदीला टांगलेली जुनी टायरं. पण माणूस इमानी, म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या मोटारसायकली तिथंच येतात. गाडी दुरुस्त झाली की बद्रुद्दीन 'झालं काम' एवढंच म्हणणार. काय बिघडलं होतं, आपण किती डोकं लढवलं, हे सांगायचं त्याच्या तोंडाला वळणच नाही. स्वतःचं नाव घ्यायची वेळ आली की हा गडी खाली बघून हात पुसायला लागतो. चांगला गुण आहे म्हणता? असेल. पण याच गुणानं त्याचा घात केला, तेच तर सांगायला बसलोय.

गेलं वर्षभर एकच चाललं होतं: दुपार कलली की बद्रुद्दीन पाना खाली ठेवतो, रॉकेलनं हात धुतो, मग साबणानं धुतो आणि चालू पडतो. उघडी इंजिनं तशीच पडलेली, गिऱ्हाईक मागून बोंबलतंय, याला त्याचं काही नाही. बिलकिस, त्याची बायको, आधी चिडायची, मग रडायची, पुढं पुढं नुसता त्याचा चहा झाकून ठेवायची. जातो कुठं, तर गावाच्या टोकाला सागरच्या घरी. आणि तिथं करतो काय, तर चोवीस वर्षांच्या घोड्याएवढ्या पोराला गोष्टी सांगतो.

सागर भाजीवाल्यांचा. घरचं बागायत; वांगी, मेथी आणि मुख्य म्हणजे सांबार. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी उगाच इडली मागू नये. पहाटे मोटारसायकलला दोन्हीकडं कॅरेट बांधायचे आणि खामगावच्या हर्राशीला, म्हणजे भाजीच्या लिलावाला निघायचं. उशीर झाला की सांबार माना टाकतो आणि भावही. म्हणून हे पोरगं खड्ड्यांतून, बांधांवरून, पायदानावर उभं राहून गाडी हाणायचं. एक दिवस ढिली झालेली चेन खडखडवत ते गॅरेजात आलं. बद्रुद्दीननं त्याला वळणावरून येताना पाहिलं होतं. तो म्हणाला, असा चालवतो तर शर्यतीत काऊन नाही चालवत बे?

झालं. त्या दिवसापासून सागर गॅरेजातून हलेचना. आणि त्यानं बद्रुद्दीनला उस्ताद म्हणायला सुरुवात केली. गाव त्याला चाचा म्हणतं, बद्रुभाई म्हणतं, उधारी ठेवायची असली की शेठ म्हणतं. उस्ताद म्हणणारा एकटा सागर. बद्रुद्दीन-बिलकिसला मूलबाळ नाही. ती हाक ऐकून त्याला काय वाटायचं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही, पण तिला का कळत नव्हतं!

मग तो हंगाम आला, दिवाळीपासून होळीपर्यंतचा. हौशी शर्यती त्या, त्यांचा थाट तो काय! कुणाच्या तरी पडीक वावरात रोलर फिरवायचा, उड्यांसाठी मातीचे उंचवटे बांधायचे, धूळ बसायला टँकरनं पाणी मारायचं आणि पोरांनी जीव खाऊन गाड्या पळवायच्या. जिंकलं तर पत्र्याचा कप. शनिवारी सागरच्या गाडीचं कॅरिअर, हेडलाइट, इंडिकेटर सगळं उतरवायचं आणि सोमवारच्या हर्राशीआधी परत चढवायचं. गाडी एकच, तिनं शर्यतही पळायची आणि सांबारही वाहायचा.

होळीच्या आदल्या रविवारी शेवटची शर्यत होती. पुढचा पोरगा आडवा झाला, सागर त्याच्यावरून उडाला आणि डोक्यावर पडला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. अकोल्याला दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्यानं आईला ओळखलं, बापाला ओळखलं, शाळेतल्या मास्तरांची नावं सांगितली. मागची दोन वर्षं मात्र साफ पुसली गेली होती. पलंगाच्या पायथ्याशी बद्रुद्दीन उभा होता, रडून डोळे लाल झालेले. सागरनं त्याच्याकडं पाहिलं आणि आईला हळूच विचारलं, "हे चाचा कोण हायेत?"

डॉक्टर म्हणाले, जुन्या गोष्टी सांगत राहा, जे यायचं ते वर्षभरात येईल, पुढं फार आशा धरू नका. डॉक्टरांचं काय जातं! पण बद्रुद्दीननं ते मनावर घेतलं आणि त्यात स्वतःची एक अट घातली. सगळं सांगायचं, फक्त 'उस्ताद' हा शब्द सांगायचा नाही. सागरच्या आईला, गीताबाईला, त्यानं हात जोडून विनवलं, "भाभी, हा शब्द त्याच्या कानावर पडू देऊ नका. ज्या दिवशी तो आपोआप त्याच्या तोंडून निघन, त्या दिवशी समजा पोरगा वापस आला." गीताबाईनं घरादाराला दटावलं. शब्द त्या घरातून हद्दपार झाला.

आणि गोष्टी सुरू झाल्या. पहिली चिखलीची. तिथं सागरची पहिली शर्यत. गडबडीत मडगार्डच्या आत सांबाराची जुडी अडकून राहिलेली. गाडी सुटली तशी पानं उडायला लागली. भोंग्यावर बोलणारा ओरडला, हा कोण सांबारवाला बे! मैदान हसून लोळलं. सागर शेवटून तिसरा आला, पण त्या दिवसापासून कुठंही गेला तरी लोक सांबारवाला आला म्हणून कुंपणाकडं धावायचे.

दुसरी जालन्याकडची. शर्यतीच्या तोंडावर सागर पडला आणि क्लचची दांडी मोडली. बद्रुद्दीन सांगायचा, दांडी मोडली, दुसरी बसवली, अन् तू पाचवा आला. बस, एवढंच. ती दांडी कुठून आली? बद्रुद्दीननं स्वतःच्या गाडीची उपटून दिली होती. मग जालन्याहून गावापर्यंत हा माणूस बिनक्लचची गाडी घेऊन आला, प्रत्येक गिअरला ती घोड्यासारखी उसळायची, आणि मागून आपल्या गाडीवर येणारा सागर हसून हसून बेजार. रस्ताभर दोघं हसत होते. पण हे सगळं सांगायचं म्हणजे मी दिली, मी आलो, असं म्हणावं लागतं. याच्या तोंडाला ते जमेना. गोष्टीतून तो स्वतःला वगळत गेला आणि त्याला ते कळलंही नाही.

तिसरी धामणगाव बढेची, कपाची गोष्ट. शेवटच्या फेरीत सागर पाचवा होता. वळणावर सगळे आतून घुसले, हा एकटा बाहेरच्या ओल्या मातीतून पायदानावर उभा राहून निघाला आणि तिसरा आला. पत्र्याचा कप मिळाला. इथं बद्रुद्दीन थांबायचा. कारण पुढचं त्याला सांगता येत नव्हतं. पुढं असं झालं होतं की सागरनं तो कप सरळ त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, उस्ताद, हे तुमचं. मग मोताळ्याच्या हॉटेलात चहा मागवला, तो कपात ओतला आणि दोघांनी एकाच कपातून आळीपाळीनं प्यायला. चहाला पत्र्याचा वास येत होता. त्या हंगामातलं बद्रुद्दीनला सगळ्यात प्रिय काही असेल तर तो चहा. पण त्या आठवणीत तो शब्द होता, म्हणून ती तेवढी त्यानं पोटात ठेवली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सागर शहाण्यासारखा ऐकायचा. चाचा पाणी घ्या, चाचा बसा. दुसऱ्याच कुणाची तरी कथा ऐकतोय असा चेहरा. मोडकी गाडी दाखवली तर शेजाऱ्याची म्हैस बघावी तशी बघितली. सांबाराची जुडी हुंगायला दिली तर म्हणाला, ताजा आहे. काय बोलायचं पुढं!

पौषात एक दिवस कपाची गोष्ट चालू असताना सागरला जांभई आली आणि त्यानं मोबाइल उचलला. बद्रुद्दीनच्या काळजाचं पाणी झालं. पोरगं हातचं चाललं होतं. आणि त्या घाबरगुंडीत, जन्मात खोटं न बोललेला हा माणूस बोलून गेला, "अन् मंग कुंपणापाशी तुले तुही माय दिसली. तू तिले पाहून हात वर केला."

गीताबाई शेजारीच मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. ती आयुष्यात एकाही शर्यतीला गेली नव्हती. पोराला उडताना बघायची तिची छातीच नव्हती. त्या दिवशी ती मिरचीच्या वावरात होती. पण सागरनं मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "माय आलती?" आणि हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा असा मनापासून हसला. गीताबाईनं पुन्हा मेथी निवडायला घेतली. त्यानंतर सागर रोज तीच गोष्ट मागायला लागला.

माघ सरला. रानात पळस पेटला आणि बद्रुद्दीनची झोप उडाली. वर्ष भरत आलं होतं. तो सकाळीही जायला लागला. त्याच गोष्टी, त्याच क्रमानं, घसा बसेपर्यंत. बिलकिस म्हणायची, जाऊ द्या हो आता, अल्लाच्या मनात नसेल. तो तिच्यावर खेकसायचा आणि मग लिंबाखाली जाऊन तोंड फिरवून बसायचा. आपलं एकच माणूस, ते समोर बसलंय, खातंय, पितंय, आणि त्याला आपण कोण ते माहीत नाही, हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

होळीच्या तोंडावर गीताबाईचा फोन आला. बद्रुभाई, लवकर या, सागरले सगळं आठवलं म्हणते. बद्रुद्दीन काळ्या हातांनीच पळाला. गॅरेजामागच्या घरातून बिलकिस डोक्यावर ओढणी घेऊन रस्त्यापर्यंत आली आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुवा पुटपुटत राहिली.

सागर बाजेवर बसला होता, चेहरा उजळलेला. "बसा चाचा," तो म्हणाला. तो शब्द बद्रुद्दीनला टोचला, पण त्यानं स्वतःला समजावलं, थांब जरा, येईल.

सागर सांगायला लागला. चिखली सांगितली, जुडी सांगितली, भोंगेवाला सांगितला. बद्रुद्दीनचे डोळे वाहायला लागले. मग जालना आलं. दांडी मोडली, दुसरी बसवली, अन् मी पाचवा आलो. बद्रुद्दीननं डोळे पुसले आणि नीट कान दिला. शब्द त्याचेच होते. थांबायची जागाही त्याचीच. मग कपाची गोष्ट आली, आणि सागर म्हणाला, "अन् मंग कुंपणापाशी मले माय दिसली. मी तिले पाहून हात वर केला. मले साफ दिसून राह्यलं, चाचा. मायनं हिरवं लुगडं नेसलतं."

बद्रुद्दीननं गीताबाईकडं पाहिलं. ती पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनंही त्याच्याकडं पाहिलं. पोराला आठवलेलं नाही, ऐकलेलंच पाठ झालंय, हे तिलाही कळलं होतं, आणि बोलू नका म्हणून ती डोळ्यांनी पाया पडत होती.

तरी बद्रुद्दीनला राहवेना. त्यानं विचारलं, "सागर, जालन्याले ती दांडी कोणं बसवली रे?"

सागरनं खरंच आठवून पाहिलं. "असन कोणी मेकॅनिक," तो म्हणाला. मग आदरानं, "तुमी होते काय तिथं, चाचा?"

"होतो," बद्रुद्दीन म्हणाला. "मागं, गर्दीत."

त्यानं पेढा घेतला. गीताबाईनं आणखी एक बिलकिससाठी बांधून दिला. पोरगं हसत होतं, बाप शेजाऱ्यांना हाक मारत होता. उठताना बद्रुद्दीनला एवढंच कळत होतं की त्या हंगामात आता सागर आहे, सांबार आहे, कधी न आलेली माय आहे, आणि आपण कुठंच नाही.

पाहुण्याला पोचवावं तसा सागर फाटकापर्यंत आला. बद्रुद्दीन दोन पावलं पुढं गेला आणि वळला. वर्षभर जीवापाड जपलेलं एकच होतं त्याच्याजवळ. आता ते जपून तरी काय करायचं होतं? एवढंही दिलं नाही, तर आपण या पोराच्या आयुष्यातून कायमचेच जाऊ, अशी भीती त्याला वाटली.

"सागर," तो म्हणाला, "तू मले उस्ताद म्हणत होता."

सागर ओशाळला. मोठ्या माणसाला नमस्कार करायचा राहून गेला की होतो, तसा चेहरा झाला त्याचा. लगेच त्यानं हात जोडले.

"बरं, उस्ताद," तो म्हणाला. "येत जा."

बद्रुद्दीन गॅरेजवर आला तेव्हा बिलकिस लिंबाखाली उभीच होती. त्याचा चेहरा बघून तिला काही उमगेना. तिनं भीत भीत विचारलं, "बोला क्या उसने? उस्ताद बोला?"

"बोला," तो म्हणाला.

बिलकिसनं ओढणी पसरून वर पाहिलं, शुक्र शुक्र म्हणाली आणि आनंदानं रडायला लागली. बद्रुद्दीननं खिशातला पेढा काढून तिच्या हातावर ठेवला, आणि खाली बसून सकाळपासून उघडं पडलेलं इंजिन पुसायला घेतलं.