अर्धा लाडू, चिमणीच्या दातानं

छबूबाईच्या पोटात गोष्ट राहते, असं सोनपेठच्या बाजारात कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी लोक खो खो हसले असते. पण शहाऐंशी साली बाईनं अख्ख्या शाळेचं गुपित वर्षभर जपलं!

झालं असं, की परभणीहून एक डॉक्टर गावात आले. लेकराच्या पोटात सकस पडलं तर डोकं जास्त चालतं का, हे त्यांना पडताळायचं होतं. म्हणून शाळेतल्या अर्ध्या पोरांना रोज शेंगदाण्या-गुळाचा लाडू, अर्ध्यांना काहीच नाही. वर्षाअखेर दोन्हीकडच्या पोरांचं वजन अन् मार्क ताडून बघायचे. लाडू वळायला नेमली छबूबाई. अन् तिची नात सत्यशीला, जिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती पडली नेमकी बिनलाडवाच्या अर्ध्यात!

"एकानं खायचं अन् दुसऱ्यानं बघत बसायचं? हे कुठलं शहाणपण बाई!" छबूबाई फणकारली.

तिनं पोरांना शिकवलंच: दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत शाळेमागं लाडवावर झग्याचं टोक धरायचं अन् वरून चिमणीच्या दातानं कुडुम! अर्धा तुला, अर्धा मला, उष्ट्याची भानगडच नाही. बाई कोपऱ्यावर पहाऱ्याला. गुरुजी दिसले की मोठ्यांदा खोकायची. वर्गात पेंगणारी सत्यशीला तेराचा पाढा घडाघडा म्हणायला लागली, तेव्हा म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं.

वर्ष सरलं. मार्क ताडून डॉक्टरांचा चेहरा पडला. "दोन्हीकडची मुलं सारखीच. लाडवानं फरक पडत नाही, गुरुजी. सोमवारपासून बंद."

छबूबाई दारातून ऐकत होती. सांगावं तर काम जाणार, न सांगावं तर लेकरांचा लाडू. तिनं पदर खोचला.

"सायब, लाडवाला बोल लावू नका. सगळ्याच लेकरायनं खाल्लाय. मीच खाऊ दिला."

डॉक्टर डोकं धरून बसले. "वर्षभराची मेहनत पाण्यात घातली हो तुम्ही!"

"पाण्यात कशी? पोरायला पाढे इचारा की!"

डॉक्टरांनी विचारले. बिनलाडवाची पोरंही धडाधड म्हणून मोकळी झाली. तेव्हा कुठं ते हसले. "बरं, पुढल्या साली इथं सगळ्यांना देऊ, अन् शेजारच्या गावात कुणालाच नाही. मग फरक कळेल."

"अन् त्या लेकरायनं काय घोडं मारलंय तुमचं?"

तेवढ्यात सत्यशीलानं उरलेल्या लाडवावर झग्याचं टोक धरलं, कुडुम केलं अन् अर्धा डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

पुढल्या साली शेंगदाण्याची पोती दोन्ही गावांत उतरली, अन् लाडू वळायला छबूबाईच.