रक्तवाल्या ताईंची सायकल

इंदिरानगरात सकाळी साडेसहाला एखाद्या घरात दिवा लागलेला आहे, पण चहाचा वास मात्र येत नाही, असं दिसलं तर त्या घरात प्रतिभा निकमची वाट पाहणं चालू आहे असं खुशाल समजावं. प्रतिभा एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढते. साखरेची तपासणी उपाशीपोटी करायची असते, आणि आपल्याकडच्या माणसाचं एक वेळ जेवण टळलेलं चालतं, सकाळचा चहा टळलेला चालत नाही. तिला पाच मिनिटं उशीर झाला की दार उघडणारा नुसतं "या" म्हणतो, पण त्या 'या'तच सगळं ऐकवून टाकतो. प्रतिभा ते मनावर घेत नाही. स्वतःचं मात्र तिने एक ठरवून टाकलं आहे: उपाशी माणसासमोर आपण चहा घ्यायचा नाही. रक्त दिल्यावर कुणी कितीही आग्रह केला तरी ती हात जोडून निघते, कारण पुढच्या घरी कुणीतरी उपाशी बसलेलंच असतं.

वय बेचाळीस. माहेर चांदवडचं, घर कांद्याच्या मळ्यात. नवरा जीवन अंबडच्या एका कंपनीत, घर पाथर्डी फाट्याला. बारा वर्षं तिने लॅबच्या काउंटरवर बसून रक्त काढलं आणि त्या बारा वर्षांत तिच्या हाताचं नाव झालं. नवशिकी माणसं शीर डोळ्यांनी शोधतात, प्रतिभा बोटांनी शोधायची. रबरी पट्टा बांधला, बोट ठेवलं, क्षणभर थांबली, की सुई बरोबर जागेवर. लहान मुलं रडायला तोंड उघडायची तोवर काम झालेलं असायचं, आणि उघडलेल्या तोंडाचं काय करावं हे त्यांना कळायचं नाही.

दिवाळीनंतर लॅबच्या मॅडमनी काउंटरवर दुसरीला बसवलं आणि प्रतिभाला घरोघरी पाठवायला सुरुवात केली. जीवनला दुपारपाळी होती, त्यामुळे स्कूटर सकाळी मोकळी असायची. नोव्हेंबर सुरळीत गेला. डिसेंबरात निफाडकडचा पारा खाली आला, नाशिक कानटोप्यांत शिरलं, आणि प्रतिभाचा हात चुकायला लागला.

एखाद्या वेळी चुकणं कुणालाही चुकत नाही. पण एका आठवड्यात चार घरी तिला दोनदा टोचावं लागलं. सगळ्यात वाईट रंगूबाईंकडे झालं. रंगूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, मूळच्या येवल्याकडच्या, आता मुलाकडे, रंगनाथकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. हृदयाच्या दुखण्यासाठी त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. तिचं प्रमाण काही केल्या बसत नव्हतं, म्हणून दर बुधवारी रक्त तपासायचं. गोळीमुळे रक्त थांबायला वेळ लागायचा, तेवढा वेळ प्रतिभा बसून येवल्याचं विचारायची. हात सुतळीसारखे बारीक, आणि त्या गोळीमुळे जरा चूक झाली की कातडीखाली काळंनिळं. डिसेंबरातल्या दोन बुधवारी प्रतिभाने त्यांना तीन-तीनदा टोचलं. रंगनाथ उजेडासाठी फोनचा दिवा धरून उभा असायचा. तो चक्‌ करायचा, आणि ती चक्‌ प्रतिभाच्या पाठीत शिरायची.

ती घाबरली. तिच्या आईला साखरेचा आजार होता आणि म्हातारपणी आईच्या बोटांना गरम-गार कळेनासं झालं होतं. आपलीही बोटं बधिर व्हायला लागली, असं प्रतिभाच्या मनाने घेतलं. कुणाला न सांगता तिने स्वतःचं रक्त काढून तपासलं. साखर ठीक होती. आठवड्याने पुन्हा तपासलं, पुन्हा ठीक. म्हणजे मग वय, दुसरं काय? साखर असती तर निदान गोळी तरी होती.

मॅडमनी बोलावून सांगितलं, "प्रतिभा, दोन तक्रारी आल्यात. तिसरी आली तर मला होम व्हिजिट दुसऱ्या कुणाला द्याव्या लागतील." काउंटरवर दुसरी बसलेलीच होती. घरोघरीचं काम गेलं म्हणजे कामच गेलं. दोनपैकी एक तक्रार रंगनाथची असणार, याबद्दल प्रतिभाच्या मनात शंका नव्हती. घरी तिने यातलं अक्षरही काढलं नाही.

त्यात जानेवारीपासून जीवनला पहिली पाळी लागली. सात वाजता कंपनीत हजर, म्हणजे सकाळची स्कूटर त्याची.

"हप्त्यावर नवीन घेऊन टाकू," जीवन म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून भरू."

पुढच्या महिन्यात आपला पगार असेल की नाही हेच जिला ठाऊक नव्हतं, ती हप्त्याला हो कसं म्हणणार? "नको. मी सायकल बघते," ती म्हणाली.

"सायकल? या थंडीत? अगं, लोक काय म्हणतील, रक्तवाल्या ताईंवर काय वेळ आली!"

"अहो, लोकांना रक्त वेळेवर गेल्याशी मतलब. शाळेत असताना मळ्यातून चांदवडला रोज सायकलनेच जायचे मी. मागे कांद्याची गोणीसुद्धा असायची."

जीवनने मान हलवली. बायको हट्टाला पेटली की कारण विचारू नये, एवढं त्याला अठरा वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

सिडकोत खंडेराव नावाचे एक गृहस्थ जुन्या सायकली दुरुस्त करून विकतात. प्रतिभा गेली आणि पहिल्यांदा आपलं बजेट सांगून मोकळी झाली: सहा हजार. खंडेरावांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बजेट सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्यांना राग आहे. डॉक्टरकडे जाऊन फी आधी सांगावी आणि दुखतंय कुठे ते सांगूच नये, तसला हा प्रकार, असं त्यांचं म्हणणं.

"काय वाहायचं हाय? चढ कुठं लागतो? रात्री उभी कुठं राहणार?" त्यांनी विचारलं.

प्रतिभाने सांगितलं. पाठीला किंवा मागे रक्ताच्या नळ्यांची थंड पेटी. सकाळी धुकं आणि दव. पुलाच्या बाजूचा चढ. पंजाबी ड्रेस आणि वर ॲप्रन, तेव्हा चेनमध्ये काही अडकता कामा नये. संध्याकाळी त्याच सायकलवर भाजी, रविवारी दळण. रात्री जिन्याखाली.

"एक नेऊन बघ. दोन सकाळी चालव, मग बोल. वापरल्याबिगर मी कोणाला इकत नाय."

एक काळी, आडव्या दांड्याची सायकल दारातच होती, पण ती जागची हलवायलाच दोघं लागले असते. तिच्या शेजारी लाल रंगाची, गिअरची, बारीक टायरची एक उभी होती. प्रतिभाची नजर तिच्यावर बसली. खंडेरावांनी तोंड वाकडं केलं, पण दिली.

बुधवारी पहाटे लाल सायकल वाऱ्यासारखी पळाली. प्रतिभाने पेटी मागे कॅरिअरला रबराने आवळून बांधली होती. सर्व्हिस रोड जागोजागी उकरलेला, धुक्यात खड्डा समोर आल्यावरच दिसायचा, आणि दर खड्ड्याला पेटी खाडकन आदळायची. सात घरं झाली. सातही ठिकाणी एकाच टोचणीत काम झालं, रंगूबाईंकडेसुद्धा. रंगनाथ तेव्हा दूध आणायला खाली गेला होता. प्रतिभाला आनंद झाला, पण तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असेल, असं म्हणून ती लॅबला पोचली.

तिथे नळ्या यंत्रात फिरवून काढल्या तेव्हा वरचं पाणी पिवळसर असायला हवं ते तिघांच्या नळ्यांत लालभडक निघालं. रक्त फुटलं होतं. इतकं आदळल्यावर ते फुटणारच. त्या तीन नळ्यांत रंगूबाईंची एक होती.

"तिघांकडे उद्या परत जा," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. "यातल्या एकाने जरी फोन केला, तर माझा नाइलाज आहे."

दुपारी प्रतिभा लाल सायकल परत द्यायला गेली ती सायकलीचा विचार डोक्यातून काढूनच. पण खंडेरावांनी टायर अंगठ्याने दाबलं, सगळं ऐकलं, आणि आतून एक हिरवी सायकल काढली. गिअर नाही, आडवा दांडा नाही. जाड टायर, पुढे-मागे चिखलपत्रे, चेनीवर पत्र्याचं झाकण, मजबूत कॅरिअर. दिसायला अगदीच सासुरवाशीण.

"कालच हीच देणार होतो. पर गिऱ्हाइकाला रंग दिसतो," ते म्हणाले. "हवा कडक मारू नको. आन पेटी कॅरिअरला नाय, पाठीला बांध. खड्डा आला का जरा उठून बस. धक्का पायातच जिरल. कॅरिअर भाजीला ठेव."

"कितीला?"

"आधी चालव."

गुरुवारी थंडी आणखी कडक होती. हिरवी सायकल सावकाश चालली. चढावर प्रतिभाला उभं राहून पायडल मारावं लागलं, आणि वर पोचेपर्यंत तिने स्वेटरचं पुढचं बटण काढलं. खड्डे कालचेच होते, पण पेटी पाठीवर गप्प बसून होती. पहिलंच घर रंगूबाईंचं. जिना चढताना मात्र तिचा वेग कमी झाला. काल नशिबाने साथ दिली, आज ती देईलच असं नाही, आणि आज रंगनाथ घरात होता.

"पोरी, आज बी आलीस?" रंगूबाईंनी गोधडीतून हात काढत विचारलं. "काल तर नेलं की रगत."

"आजी, कालचं खराब झालं. माझ्याकडूनच झालं. पुन्हा घ्यावं लागेल."

"घे मंग. लय हाय माझ्याकडं."

रंगनाथने फोनचा दिवा धरला. प्रतिभाने पट्टा बांधला आणि बोट ठेवलं. शेंगेवरून आतला वाटाणा लागावा तशी शीर बोटाला लागली. सुई गेली, नळी भरली. एकाच टोचणीत.

"तुझा हात ऊन लागतोय," रंगूबाई म्हणाल्या. "काल बी लागला. आधी पार बरफ असायचा. तू बोट ठेवलं का माझी शीरच आत पळायची."

प्रतिभाने स्वतःची बोटं स्वतःच्या गालाला लावून पाहिली. थंडीत पेशंटचा हात गार असेल तर शीर आकसते, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्यासाठी ती गरम पाण्याची पिशवी बरोबर बाळगायची, आणि स्कूटरवर वारा खात आलेल्या आपल्या गारठलेल्या बोटांनी ती ऊब पुन्हा घालवायची. हातमोजे होते, पण लोकरीच्या मोज्यातून वारा आरपार जातो. एका घरी चहाचा कप हातात धरला असता तरी कळलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साखर नव्हती, वय नव्हतं. बोटं गारठत होती एवढंच, आणि सायकल मारताना ती गारठत नव्हती. खंडेरावांनी अजून किंमत सांगितली नव्हती, पण हिरवी सायकल ठरली ती तिथेच, रंगूबाईंच्या खाटेशी. प्रतिभाला एकदम रडू आलं, ते तिने कापूस शोधण्यात लपवलं.

"आज आई हलली नाही वाटतं," रंगनाथ म्हणाला.

"म्हणजे?"

"दर वेळी मी विचारतो, तीन-तीनदा का टोचतात म्हणून. मी तर लॅबला फोन करायला निघालो होतो. तर म्हणते, ताईचा दोष नाही, मीच हात ओढते."

प्रतिभाने रंगूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. दंडावर मागच्या महिन्याचा डाग अजून पिवळा होता.

गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. तिसरी तक्रार होणार नव्हती, आणि यापुढे हातही चुकणार नव्हता. पण या म्हाताऱ्या बाईने आपली चूक महिनाभर स्वतःच्या अंगावर घेतली, आणि आता मुलासमोर तिलाच खोड्याळ ठरू द्यायचं, हे प्रतिभाला जमेना.

"दादा, आजी कधीच हलल्या नाहीत," ती म्हणाली. "चुकत मी होते. माझी बोटं गारठलेली असायची आणि मला ते कळत नव्हतं. तुम्हाला लॅबला सांगायचं असेल तर सांगा. खरं तेच सांगा."

रंगनाथने आईकडे पाहिलं. "आई, मग खोटं कशाला सांगितलंस? हात केवढा काळा झाला होता तुझा."

रंगूबाई कापूस दाबून धरत म्हणाल्या, "फोन केला असता तर हिला काढली असती आन दुसरी आली असती. ती टोचून गेली असती. ही घटकाभर बसती, येवल्याचं इचारती." त्यांनी कापूस उचलून पाहिला. "सुईचं काय रे, आठवड्यात एकदा दुखतं. बाकीचे सहा दिवस तर कोणी दुखवाया बी येत नाय."

प्रतिभाने नळीवर नाव लिहिलं. फोनचा दिवा बंद करून रंगनाथ आईच्या पायाशी, खाटेच्या कडेला बसला. त्याची ऑफिसला निघायची वेळ झाली होती. तो उठला नाही.