मीटरनं काढलेला ताप

नांदेडचा मे महिना, पत्र्याची खोली, त्यात माझं अंग कणकणलेलं. थर्मामीटर सापडेना, तर मोटारी दुरुस्त करणाऱ्या आमच्या नवऱ्यानं दुकानातला, वीज आणि तापमान मोजायचा मल्टिमीटर आणला आणि त्याची तार माझ्या काखेत खुपसली.

"अगं, त्रेचाळीस सेल्सिअस! तू जिवंत कशी हायस?" लगेच कपाळावर ओली पट्टी.

"जिवंत हाय म्हणूनच भांडून राहिले ना!"

तेवढ्यात मला दिसलं, तारेचं दुसरं टोक मीटरला न लावता पलंगावरच लोळत होतं. मी ते दाखवलं, तर आमचे हे उलट मलाच शिकवायला लागले: दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात, टोक तापलं की बारीकशी वीज होते, तिच्यावरून मीटर तापमान सांगतो. तार मीटरला लावलीच नाही, तर तो खोलीचं सांगतो.

"म्हणजे ताप नांदेडला हाय," मी म्हणाले. "मग ही पट्टी नांदेडच्या कपाळावर ठेवा!"