टाकीच्या बुडाला रॉड

अकोल्याकडच्या मालेगावच्या रस्त्यावर आमचा पेट्रोल पंप आहे आणि तो मी चालवते. जमिनीखाली दोन टाक्या, एक पेट्रोलची, एक डिझेलची. टाकी गळते की नाही हे वरून कळत नाही, त्यामुळे रोज मोजावं लागतं. मोजणीचं यंत्र आहे, पण त्या मे महिन्यात ते बंद पडलं होतं आणि मेकॅनिक अकोल्याहून रोज "उद्या येतो" म्हणत होता. तोवर जुनी पद्धत. आकडे कोरलेला लांब रॉड टाकीत सोडायचा, वर काढायचा आणि ओल कुठवर आली ते वाचायचं. याला आम्ही डीप मारणं म्हणतो.

डीप मारणं हे भाऊंचं काम. पंप सुरू झाला तेव्हापासून ते इथे आहेत. वयानं माझ्याहून मोठे, तरी मला वैनी म्हणतात. पंपामागे ज्यांचं शेत आहे त्या काकांच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं, आणि आमच्या भागात कुठल्याही लग्नात बुंदीची कढई भाऊंशिवाय चढत नाही. चुली खोदण्यापासून सगळं त्यांच्याकडे. म्हणून ते चारलाच निघून जायचे. रात्री पंप बंद करताना डीप मी मारायची आणि सकाळी उघडताना ते.

पहिल्या सकाळी डिझेल एक सेंटिमीटर कमी भरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा एक. तिसऱ्याही. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे शंभरेक लिटर. पंप बंद, कुलपं जागच्या जागी, मग डिझेल जाणार कुठे? जमिनीत. दिवसा मात्र विक्री वजा केली की तेवढंच वाढलेलं दिसायचं. उन्हानं डिझेल फुगतं हे पंपावर सगळ्यांना पाठ असतं, तसं मलाही होतं, म्हणून त्या वाढीकडे मी लक्ष दिलं नाही. जमिनीखालची टाकी रोज एवढी तापत नाही, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. चूक माझी.

काकांची विहीर टाकीपासून पन्नास पावलांवर, उताराच्या बाजूला. लग्न परवा, आणि पूर्ण पंगतीचा स्वयंपाक त्याच पाण्यावर. लपवण्यात अर्थ नव्हता. मी चप्पल घातली आणि मांडवात जाऊन काकांना सरळ सांगितलं.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे. "ताई, लगन परवा अन् तुमी आज सांगून राह्यल्या?"

"मलाही आजच खात्री वाटली, काका."

त्यांनी बादली सोडली. पाणी वर आलं तसा लग्नघराचा सगळा बायकांचा घोळका बादलीभोवती जमला. एकेकीनं नाक खाली घातलं. नवरीची मावशी म्हणाली, "मले तं गुलाबाचा वास येते."

"तुया डोक्याच्या तेलाचा असन तो! मांगं सरक," नवरीची आई म्हणाली.

काकांनी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवलं. "आज तं गोड हाये. पण उद्या डिझेल उतरलं तं? पंगतीले काय पाजू, टॅक्टरचं पाणी?" मालेगावचा टँकरवाला त्यांच्या ओळखीचा होता, पण त्याला संध्याकाळपर्यंत सांगायला हवं होतं. टँकरचं पाणी खारट, त्यात डाळ शिजायची नाही. काकांना ते नको होतं. "चारपर्यंत सांगा, ताई. टाकी फुटली का नाई, एवढंच सांगा."

भर दुपारी मी डिझेलचं मशीन बंद केलं. टाकीतून काहीच काढायचं नाही, दर अर्ध्या तासानं मोजायचं. आकडा खाली गेला तर टाकी गळते. दोन ट्रॅक्टरवाले परत गेले. जाताना एक म्हणाला, "पंपावाल्या बाईले आज उपास हाये वाट्टे."

पहिला डीप मी मारला. एकशे बारा. भाऊंना दम निघेना. पाच मिनिटं झाली नाहीत तोच त्यांनी रॉड सोडला, वर काढला आणि त्यांचा चेहरा पडला. एकशे अकरा.

"वैनी, गेलं! सगळं काकाच्या हिरीत गेलं!"

"पाच मिनिटांत शंभर लिटर? भाऊ, खाली काय नदी आहे? पुन्हा सोडा. माझ्यासमोर."

त्यांनी रॉड सोडला. शेवटी हात हळू झाला आणि थांबला.

"टेकला का बुडाला?"

"टेकवाचा कायले? बोटभर वर धरतो मी. टाकी बसोली तवा फिटर म्हने, रॉड आपटू नका, बुडाले भोक पडते."

"तेव्हापासून?"

"तवापासून. एकडाव बी टेकवला नाई," ते अभिमानानं म्हणाले.

रॉड बोटभर वर धरला की आकडा बोटभर कमी येणारच. इतकी वर्षं दोन्ही डीप तेच मारायचे, त्यामुळे कमी-कमी जुळून जायचं. यंत्र एक सेंटिमीटर जास्त दाखवायचं, तर आम्ही सगळे यंत्रालाच खोटं म्हणायचो. आता रात्री मी टेकवत होते, सकाळी ते अधांतरी धरत होते.

मी कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटले. भाऊ आधी रुसले, मग तेही हसले.

तरी खात्री हवीच होती. बुडाला रॉडखाली जाड पत्रा असतो, हलकेच टेकवलं तर काही होत नाही, हे मी त्यांना सांगितलं आणि चारपर्यंत दर अर्ध्या तासानं त्यांनाच टेकवायला लावलं. दर वेळी डोळे मिटून टेकवायचे. एकशे बारा. एकशे बारा. चारलाही एकशे बारा. टाकी धडधाकट होती.

काकांना सांगायला भाऊ माझ्या पुढे धावले.

लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, टाळ्या झाल्या, पंगत बसली. काकांना राहवलं नाही. त्यांनी माईक हातात घेतला. "पावनेहो, पाणी आपल्याच हिरीचं हाये. पंपावाल्या ताईनं तपासलं हाये, त्यात डिझेल बिल्कुल नाई!"

दोनशे माणसांनी एकदम ग्लास खाली ठेवले. कोणी वास घेऊ लागलं, कोणी शेजाऱ्याकडे पाहू लागलं. नवरीच्या आईनं काकांच्या हातून माईक ओढून घेतला.

मी उठले, पहिल्या पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि एकामागे एक तीन ग्लास पाणी प्यायले. चौथा भाऊंनी घटाघट संपवला. मग कोणीतरी वरण मागितलं आणि पंगत जेवायला लागली.