दुपारच्या उघड्या खिडक्या

माझी धाकटी जाऊ तळघरात पुस्तकं बांधते. वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठा चढवून नवी करायची, हे तिचं काम. तिच्याइतकी सरळ शिवण मी दुसरी पाहिली नाही, आणि तिच्या नवऱ्याइतका हेकट माणूसही. माझे सख्खे दीर आहेत, तरी लिहिते.

तळघरात ऊब अशी कधी नसतेच. भिंती बारा महिने गार. जाऊ पहाटे, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असताना, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडते आणि ऊन तापायच्या आत लावून घेते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली, म्हणजे मागूनही वारा खेळतो. एवढ्यावर तिने बुरशीला कधी दारात उभं केलं नाही.

या उन्हाळ्यात दीर निवृत्त झाले आणि त्यांना घर सुधारायची हुक्की आली. दुपारी जाऊ जरा पडली की हे खाली जाऊन खिडक्या सताड उघडायचे. "एवढं कडक ऊन पडलंय, भिंती वाळायला नकोत?" बाहेरची दमट, गरम हवा आत शिरायची आणि बर्फाच्या पेल्याला सुटावं तसं भिंतींना पाणी सुटायचं. जाऊने हजारदा सांगितलं. हे मान डोलवायचे, की पुन्हा तेच.

शेवटी वाचनालयाच्या गठ्ठ्यावर हिरवे ठिपके उमटले. पुस्तकं खराब झाली तर पुढचं काम मिळणार नाही, असं तिथल्या बाईंनी आधीच बजावलेलं.

"अहो, काय केलंत हे?"

"तुझं भलंच बघत होतो गं. वहिनी, तुम्हीच सांगा, हवा कधी वाईट असते का?"

"थोडी तुमच्या डोक्यात जाऊ द्या," मी म्हणाले. "तिथे जास्त कोंदलंय."

बुरशीतून बचावलेली पुस्तकं जाऊने वर नेऊन त्यांच्या पलंगावर पसरली आणि पंखा लावला.

"अगं, मग मी कुठे झोपू?"

"खाली. छान हवा येते."

डागाळलेली पुस्तकं घेऊन ती स्वतः वाचनालयात गेली. रिकाम्या हातांनी परतली. काम बंद.

"जाऊ दे," दीर म्हणाले, "तेवढीच तुला विश्रांती."

"मी मागितली होती?"

त्यावर त्यांनी पेपर उघडला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तिला उत्तर द्या, भाऊजी."