पालखीसाठी घेतलेला डिस्चार्ज

माझ्या काकीवर अन्याय झाला तो यंदाच्या शिमग्यात, पालखी आमच्या दारातून उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी. हे वाचून "नशीब" म्हणणार असाल तर थांबा. नशीब बिलं छापत नाही.

काकीच्या मेंदूतली गाठ मुंबईत काढली. सरकारी योजनेतून, फुकट. काका मुंबईतच वॉचमन आहेत. "ऑपरेशन सक्सेस!" असं ते फोनवर ओरडले आणि पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथे नारळ फुटला. पण पालखी दारात आली की देवीची ओटी भरायला घरातली थोरली बाई लागते, आणि ती म्हणजे काकी. काकांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, सणाला न्यावं का?"

"तुमच्या इच्छेने नेताय ना? मग तशी सही करा."

काकांनी केली. "तुमच्या इच्छेने" या दोन शब्दांची किंमत त्यांना कोणीही सांगितली नाही.

डोक्याला पट्टी आणि वर पदर, अशी काकीने ओटी भरली. पोरं चिडवत होती, "काकी, फेटा तर बांधलासच, आता पालखी पण तूच नाचव!" ती हसली.

दुसऱ्या दिवशी तिची उशी ओली होती. "घाम हाय गो," ती मला म्हणाली. घाम कसला? टाक्यांतून पाणी गळत होतं आणि अंग तापलं होतं. जीप करून पोलादपूर, तिथून महाड. महाडच्या डॉक्टरांनी टाके बघून आवाजच खाली आणला. "हे मेंदूभोवतीचं पाणी आहे. जंतू आत गेले असतील. ऑपरेशन जिथे झालं तिथेच न्या, आत्ता."

अँब्युलन्समध्ये मी तिला बोलतं ठेवलं. घरात कोण कोण, म्हशी किती, शेजारी कोण. माणगावपर्यंत उत्तरं बरोबर आली. त्यानंतर ती मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागली. मी "ओ" देत राहिले.

काका पालखीच्या रात्रीच ड्युटीसाठी मुंबईला परतले होते; ते दवाखान्याच्या दारातच उभे होते. काउंटरवरचा म्हणाला, "योजनेचं पॅकेज डिस्चार्जला बंद झालं. ही गुंतागुंत आहे, ती पॅकेजमध्ये येत नाही. आयसीयूचं डिपॉझिट भरा."

"गुंतागुंत कसली?" काका म्हणाले. "टाके तुमीच घातलेत ना?"

"घरी तुम्ही नेलंत. सण महत्त्वाचा होता ना?"

काकांनी मान खाली घातली. मी नाही घातली. मी चवदार तळ्यावर पत्रकं वाटत मोठी झालेली मुलगी. "टाके सणामुळे गळतात काय?" मी इतक्या जोरात विचारलं की दवाखान्याचा वॉचमन आला. आमच्यासारखाच कोकणातला वॉचमन. "ताई, हळू. पेशंट हायत," एवढंच बोलला.

नंतर एक ज्युनिअर डॉक्टर जिन्यात भेटली. ती म्हणाली, "इथे ठेवलं असतं तरी पाणी गळू शकलं असतं."

"लिहून द्याल?"

तिने चपलांकडे बघितलं. "मी ज्युनिअर आहे हो."

डिपॉझिट मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने भरलं म्हणून काकीला आत घेतलं. आता ते पाणी काढायला तिच्या पाठीत नळी आहे. पाणी थांबलं नाही तर पुन्हा टाके उघडायचे, आणि तेही पॅकेजच्या बाहेर. रोज सकाळी काकांच्या हातात बिल येतं आणि इंजेक्शनांची चिठ्ठी येते. रोज सकाळी ते मला विचारतात, "आजचं भागंल ना?" मी हो म्हणते. उद्याचं मला माहीत नाही. काचेतून मी काकीला हात करते. कधी ती ओळखते, कधी नुसती बघत राहते.

मेंदू उघडायचा खर्च सरकार देणार, आणि त्याच जखमेतून पाणी गळलं की तो खर्च आमचा? हा कुठला हिशोब?

म्हणून तुम्हाला सांगते. "अरेरे" नको, फॉरवर्ड नको. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि ठराव मांडा: ऑपरेशननंतर त्याच ऑपरेशनचा त्रास झाला, तर घरी कोणी का नेलं असेना, उपचार त्याच योजनेतून झाला पाहिजे. ठराव लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.